कडेवरून पाठीवर

माझा नवरा औषधांच्या गोळ्या पाकिटात भरणारी मशिनं बसवतो. कारखाना मरोळच्या औद्योगिक वसाहतीत, पण मशिनं जातात जगभर, आणि ती सुरळीत चालेपर्यंत याला तिथे महिना-दोन महिने मुक्काम ठोकावा लागतो. लग्नानंतरची पहिली काही वर्षं मी मुलुंडला बसून त्याच्या फोनची वाट पाहिली. मुलगा झाला तेव्हा मी जाहीर केलं, की यापुढे सगळे जाणार. माझं काम अनुवादाचं, लॅपटॉप उघडला की ऑफिस सुरू. "तान्हं पोर घेऊन नैरोबीला कुठे जातेस गं?" असं निम्म्या मुलुंडनं मला ऐकवलं. नैरोबीतही बायकांना पोरं होतात आणि ती वाढतात, असं मी उरलेल्या निम्म्या मुलुंडला ऐकवलं आणि बॅगा भरल्या.

प्रॅम न्यायची नाही हेही मीच ठरवलं. पोर अंगाशी बांधून फिरायचं, हे माझ्या डोक्यात पक्कं होतं. त्यासाठी आईनं मला एक जुनं नऊवारी लुगडं दिलं, तिच्या मावशीचं, धुऊन धुऊन सायीसारखं मऊ झालेलं. आपल्याकडे तान्ह्या बाळाच्या अंगाला नवं कापड लावत नाहीत. दुपटी जुन्या लुगड्याची, लंगोट जुन्या धोतराचे. दुकानातलं कोरं कापड बाळाला टोचतं, आणि शिवाय जुन्या कापडात घरच्या माणसांची ऊब असते असंही कुणी ना कुणी म्हणतंच. मग बाळ बांधायला याहून चांगलं कापड कुठलं मिळणार? मी खूश होते.

नैरोबीच्या भाजीबाजारात, भर गर्दीत, ते लुगडं टर्रकन फाटलं. घडीवर विरलं होतं ते मला दिसलंच नव्हतं. मुलगा पाठीवरून घसरला आणि मी मागे हात टाकून त्याची तंगडी पकडली. तो उलटा लटकत हसत होता. माझ्या मात्र तोंडचं पाणी पळालं होतं.

आमच्या शेजारी भूगोल शिकवणाऱ्या एक बाई राहायच्या. त्यांना मी ती चिंधी दाखवली, तर त्या हसता हसता पायरीवर बसल्याच. "पोर नवं आणि कापड म्हातारं, असं का करता तुम्ही?" त्यांनी इंग्रजीत विचारलं. मी मऊपणाचं, उबेचं सगळं पुराण सांगितलं. त्यांनी ते नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, की आमच्याकडे नवं कापड पोराला आणि जुनं फरशी पुसायला. मग त्यांनी मला अंगणात उभं केलं. कमरेतून पूर्ण वाकायचं, पाठ ओट्यासारखी सपाट करायची, पोर वर टाकायचं, त्यावर कापड घालून दोन्ही टोकं काखेखालून पुढे ओढायची. गाठ मारायचीच नाही, नुसता पीळ देऊन छातीवर खोचायचं. पहिल्या दिवशी मी भीतीनं एवढं घट्ट खोचलं, की मला श्वास घेता येईना. आठवड्याभरात मी मुलाला पाठीवर टाकून लॅपटॉपवर काम करायला लागले. एवढं मोकळं मला बाळंतपणानंतर पहिल्यांदाच वाटलं.

मुलुंडला परतल्यावर हा लुगड्याचा किस्सा मी तिखटमीठ लावून सगळ्यांना सांगितला. सर्वांत जास्त हसले ते माझे सासरे.

सासऱ्यांबद्दल आता सांगायला हवं, कारण ही गोष्ट त्यांचीच आहे. सासूबाई आमच्या लग्नाआधीच गेल्या, त्यामुळे लग्नापासून ते आणि आम्ही एकत्र, आणि मीही त्यांना बाबाच म्हणते. साकीनाक्याच्या एका वर्कशॉपमध्ये त्यांनी उमेदवारी केली आणि पुढे एका मोठ्या कंपनीत ड्राफ्ट्समन म्हणून निवृत्त झाले. मशिनांची चित्रं काढायची, तीही कॉम्प्युटर येण्याआधीच्या काळात, शाईनं. पट्टी न घेता सरळ रेघ मारून दाखवायची त्यांना हौस होती आणि रेघ खरंच सरळ यायची. स्वभाव म्हणाल तर माझ्यासारखाच, आपलं तेच खरं करणारा. त्यामुळे आमचं जमायचंही खूप आणि वाजायचंही खूप.

मुलगा तीन वर्षांचा होईपर्यंत आजोबांच्या कडेवरच वाढला. रोज संध्याकाळी त्याला घेऊन ते बाजारात जायचे. मटार विकणाऱ्या मावशी त्याच्या मुठीत दोन शेंगा द्यायच्या. पोराला टोपी का घातली नाही, एवढा मोठा झाला तरी चालत का नाही, असल्या चौकशांना बाबा सविस्तर उत्तरं द्यायचे. मग हळूहळू त्यांच्या उजव्या हाताला कंप सुटला. नंतर डाव्याही. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि स्पष्ट सांगितलं, की वाढणार नाही याची काळजी घेऊ, पण हे जाणार नाही. पाठ आणि पाय अगदी ठणठणीत. पहाटे उठून ते आमच्या दोघांच्याही आधी फेरी मारून यायचे. हात तेवढे गेले.

त्यानंतर धाकटी झाली. बारशाला, नाव ठेवून झाल्यावर, कुणीतरी तिला त्यांच्या मांडीवर दिलं. त्यांनी दोन्ही हात तिच्याखाली घेतले आणि हात थरथरायला लागले. ते जितकं घट्ट धरायला गेले तितकी थरथर वाढत गेली. बाळ दचकलं आणि टाहो फोडून रडायला लागलं. माझ्या चुलतसासूबाई पुढे झाल्या आणि त्यांनी बाळ उचलून घेतलं. "राहू द्या भावजी, तुम्हाला नाही झेपायचं." त्या मायेनंच बोलल्या होत्या. पण अख्खा हॉल भरलेला होता आणि सगळे बघत होते.

त्या दिवसापासून सासऱ्यांनी नातीला हात लावला नाही. खुर्चीत बसून तिच्याशी बोलायचे, चष्मा वरखाली करून तिला हसवायचे, पण हात काखेत दाबून ठेवलेले. "घेता का जरा?" असं मी विचारलं, की त्यांना एकदम वर्तमानपत्र आठवायचं. मला खूप वाईट वाटायचं आणि वाईट वाटलं की मला राग येतो, त्यामुळे घरात भांड्यांचे आवाज वाढले. मूल अंगावर घ्यायचे दिवस थोडेच असतात. एकदा ते पळायला लागलं की कुणाच्या हाती लागत नाही. मुलाला आजोबा मिळाले होते ते अंगाच्या वासासकट, आणि हिला आजोबा म्हणजे समोरच्या खुर्चीतला एक आवाज, एवढंच उरणार होतं. तिचे तळवे रोज थोडे मोठे होत होते आणि बाबा तिला एकदाही न उचलता राहून जाणार, हे मला स्पष्ट दिसत होतं.

मुलाच्या मे महिन्याच्या सुट्टीत नवऱ्याला लिमाला जायचं होतं. दोन्ही मुलं आणि मीही गेलो. तिथे आमच्या बिल्डिंगखाली किराणा दुकान होतं आणि ते चालवणारी बाई डोंगराकडची होती. तिचं बाळ तिच्या पाठीवर लाल-काळ्या पट्ट्यांच्या जाड विणीच्या कापडात असायचं, इतकं आत, की बाळ आहे हे ते शिंकल्यावर कळायचं. कापडाची दोन टोकं छातीवर बांधलेली, बस. त्या बाईचं मक्याची कणसं सोलणं, सुटे पैसे मोजणं, फोनवर बहिणीशी भांडणं, सगळं दोन्ही हातांनी चालायचं. माझी मुलगी माझ्या कडेवर होती आणि मी एका हातानं अंड्यांचा ट्रे सांभाळत उभी होते.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आम्ही घरोघरी मूल घेतो ते कडेवर. डाव्या कमरेवर पोर, डावा हात त्याच्याभोवती, आणि उजव्या हातानं आमटी ढवळायची, दार उघडायचं, रिक्षावाल्याला पैसे द्यायचे. कमरेची ती बाजू माझीही आता जरा बाहेर आलीच आहे. चांगली पद्धत आहे, पोराला जग दिसतं. पण तिला एक हात द्यावा लागतो, कायमचा. आणि मूल घेणं म्हणजे हातांनी घेणं, हे आम्ही इतकं धरून चाललो होतो, की हात गेलेल्या माणसाला आम्ही सरळ यादीतून काढून टाकलं. बाबांची पाठ तर माझ्यापेक्षा भक्कम होती.

मी तसलंच एक कापड घेतलं, कोरं करकरीत, आणि मुलुंडला आल्या आल्या त्यांच्यासमोर टाकलं.

"बाबा, हिला पाठीवर बांधते तुमच्या. हात लागतच नाही."

त्यांनी कापडाकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. "मी काय हमाल आहे?"

"हमाल कसले? तिथे सगळेच घेतात असं."

"तिथे. इथे सोसायटीत लोक काय म्हणतील? म्हातारा पोर बांधून फिरतोय."

"लोकांचं तुम्ही कधीपासून ऐकायला लागलात?"

"आणि फाटलं तर? तुझं ते लुगडं फाटलं होतं ना, भर बाजारात?"

माझाच किस्सा माझ्या अंगावर आला. हे नवं आहे, जाड आहे, असं मी सांगत राहिले, पण त्यांचा आवाज खाली आला होता. "तू तिची तंगडी पकडलीस गं," ते म्हणाले. मुलाची, असं मी सुधारलं नाही. "मी मागे हात टाकला, तर हा हात तिथे पोचणार आहे का?" आणि त्यांनी काखेतला हात काढून माझ्यापुढे धरला. नवरा रात्री म्हणाला, "सोड ना यार, नको त्यांच्या मागे लागूस." मी सोडलं नाही, फक्त ते कापड घडी करून कपाटात ठेवलं.

दिवाळीच्या सुट्टीत व्हिएतनामचं काम निघालं. या खेपेला मी सासऱ्यांचं तिकीटही काढायला लावलं. मुलगी वर्षाची झाली होती आणि सोफ्याला धरून पावलं टाकायला लागली होती. मला घाई होती, पण मी ती दाखवली नाही. घरी एकटे राहून काय करणार, मशीन तरी बघायला चला, असं त्यांना सांगितलं. मशीन म्हटल्यावर ते निघाले.

कारखाना हनोईबाहेर होता. एका जोडून आलेल्या सुट्टीत आम्ही उत्तरेच्या डोंगरांत गेलो. तिथल्या आठवडी बाजारात बायकांच्या पाठीवर पोरं होती ती निळीच्या रंगाच्या, भरतकाम केलेल्या चौकोनी जाड कापडात. चौकोनाला वरून दोन लांब रुंद पट्टे. ते खांद्यावरून पुढे येतात, छातीवर एकमेकांवरून जातात, मागे पोराच्या बुडाखालून फिरतात आणि पुढे पोटावर बांधतात. मी फोटो काढत, विचारत, हातानं खुणा करत हिंडत होते. बाबा मागे राहिले. वळून पाहिलं तर ते एका नूडल्सच्या टपरीसमोर थांबलेले.

टपरीवर त्यांच्याच वयाचा एक माणूस काड्यांनी नूडल्स खात होता. पाठीवर नात किंवा नातू, मान कलंडलेली, झोपलेलं. दोन्ही हात वाडग्यावर. पोराकडे त्याचं लक्ष नव्हतं, रश्शाकडे होतं. बाबा इतका वेळ बघत राहिले, की त्या माणसाच्या ते ध्यानात आलं. तो उठला, बाबांकडे पाठ केली आणि झोपलेलं पोर नीट दिसेल असा उभा राहिला. सासऱ्यांनी नमस्कार केला. हात थरथरत होते, त्यांनी तसेच जोडले.

नंतर त्यांनी स्वतःच एका दुकानात तसलं एक कापड हातात घेतलं. नक्षीकडे पाहिलंसुद्धा नाही. पट्टा कापडाला जिथे जोडला होता तो कोपरा चष्म्याजवळ नेला, पट्टा पायाखाली दाबून वर ओढला आणि म्हणाले, "टाके दुहेरी आहेत." बस, एवढंच. मी विकत घेतलं. ते त्यांनी माझ्या पिशवीत टाकू दिलं नाही, स्वतःच्या पिशवीत घातलं. मी तोंडातून अक्षर काढलं नाही. हे मला किती कठीण गेलं असेल ते मला ओळखणारे सांगू शकतील.

मुलुंडला परतल्यावर पुढच्या आठवड्यात एका सकाळी भात लावायला गेले, तर तांदळाची पिशवी जागेवर नव्हती. हॉलमध्ये बाबा येरझाऱ्या घालत होते. पाठीवर ते निळं कापड, आणि त्यात तांदूळ.

"हे कुणी बांधलं?" मी नवऱ्याला विचारलं.

"मला काही विचारू नकोस. ते म्हणाले बांध, मी बांधलं."

"भार बघतोय," बाबा म्हणाले. "मधे बोलू नका."

त्यांनी भार बघितला तो ड्राफ्ट्समननं बघावा तसाच. बसून उठले, वाकले, पुन्हा वाकले, जिना उतरून चढले. पिशवी डावीकडे सरकते म्हणून एक पट्टा वर घ्यायला लावला. मग दोन-तीन आठवडे रोज तांदूळ पाठीवर घेऊन ते खाली कंपाउंडमध्ये फेऱ्या मारायचे. सोसायटीत चर्चा झाली. पाठीचा व्यायाम आहे, डॉक्टरांनी सांगितलाय, असं त्यांनी सगळ्यांना ठोकून दिलं. डॉक्टरांना त्यांनी खरंच विचारलं होतं, ते मला नंतर कळलं. डॉक्टर म्हणाले होते, चालताना तोल जात नाही तोवर खुशाल घ्या, आणि जिन्यावर मात्र नको. आम्ही रोज कुकरसाठी पाठीवरून तांदूळ काढून घ्यायचो, पिशवी हलकी व्हायची आणि बाबा चिडायचे. शेवटी त्यांच्या प्रयोगासाठी वेगळे तांदूळ आणावे लागले.

मुलगी या सुमारास सोफा सोडून चालायला लागली. दोन पावलं, धप्पकन खाली. चार पावलं, धप्पकन खाली. घरात सगळे टाळ्या वाजवत होते आणि माझा जीव टांगणीला लागला होता. बाबांचे तांदूळ संपायच्या आत ही पळायला लागली तर?

एका रविवारी चहा झाल्यावर ते खुर्चीतून उठले आणि हॉलच्या मध्यभागी जाऊन उभे राहिले. "आण तिला," म्हणाले.

ते वाकले. मी मुलीला त्यांच्या पाठीवर ठेवलं, नवऱ्यानं वरून कापड धरलं, मी पट्टे पुढे घेतले, छातीवरून फिरवले, तिच्या बुडाखाली आवळले आणि त्यांच्या पोटावर गाठ मारली. जगातल्या तीन देशांत शिकलेलं सगळं मी त्या गाठीत घातलं. ते सावकाश ताठ झाले. मुलगी घाबरून रडेल म्हणून मी तयारीत होते. तिनं त्यांच्या मानेवर नाक टेकवलं, हुंगलं आणि बराच वेळ तशीच राहिली. बाबांनी डोळे मिटून घेतले होते. मी रडले. लपवण्यासारखं त्यात काही नव्हतं.

"झालं तुझं?" ते म्हणाले. "चला, बाजारात."

"आजच? बाजारात?"

"तांदूळ घेऊन पुष्कळ फिरलो."

लिफ्टनं उतरलो. फाटकाबाहेर पडल्यावर मी त्यांच्या मागे चालायला लागले, दोन्ही हात जरा पुढे करून. काही झालंच तर झेलायला. दहा-बारा पावलं गेल्यावर ते थांबले, मागे न वळताच.

"तू मागे का चालतेस?"

"असंच."

"मागे नको. पुढे हो."

नैरोबीचा तो क्षण, ती तंगडी, सगळं डोळ्यांपुढून गेलं. मी जगभर पोरं घेऊन बेधडक हिंडले, कुणाच्या बापाला भ्याले नाही, आणि आपल्याच गल्लीत ही पाच पावलं पुढे जाणं माझ्या जिवावर आलं. पण त्यांनी काय मागितलं होतं, ते मला कळत होतं. मी त्यांना ओलांडून पुढे झाले आणि चालत राहिले. मागे पाहिलं नाही. चपलांचा आवाज तेवढा ऐकत होते.

बाजाराच्या तोंडाशी नारळवाल्यानं त्यांना पाहिलं. मधली दोन वर्षं ते त्याच्याकडे एकटेच येत होते. "अहो साहेब, हे काय?" मला मागून त्याचा आवाज आला. "एवढंसं लेकरू पाठीवर. पडेल ना. कुणी धरलंय का तिला?"

"मी धरलंय," बाबा म्हणाले.

तेव्हा मात्र मी वळले. मुलगी त्यांच्या खांद्यावर गाल टाकून झोपली होती. ते मधोमध रस्त्यात ताठ उभे होते आणि त्यांचे दोन्ही हात काखेत नव्हते, खिशात नव्हते, दोन्ही बाजूंना मोकळे सोडलेले होते आणि सगळ्या बाजारासमोर थरथरत होते. मी थांबलेली पाहून त्यांनी त्यातलाच एक हात वर केला आणि मला पुढे चालायची खूण केली.